संगणकाच्या कार्यप्रणालीचा आवृत्तिबदल : योग्य काळाचा विचार

संगणकाचा उपयोग आता केवळ गणित व भौतिकी ह्या विषयांच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहिलेला नाही. कोशकार्य करणारा भाषाभ्यासक, शिलालेखांची छायाचित्रे जुळविणारा इतिहाससंशोधक, जनगणनेचे आकडे तपासणारा अर्थशास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळेतील उपकरणावरून मापे घेणारा रसायनशास्त्रज्ञ ह्या सर्वांचे वर्षानुवर्षांचे काम अखेरीस एखाद्या यंत्रातच साठविलेले असते. ह्या यंत्रात एक मूलभूत आज्ञावली अखंड चालू असते. यंत्राची स्मृती कोणत्या कामास किती द्यावयाची, कोणती फाइल कोठे ठेवावयाची, प्रिंटरशी वा नेटवर्कशी संबंध कसा राखावयाचा, ही सर्व व्यवस्था ती पाहते. तिलाच ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली असे म्हणतात. 'विंडोज', 'मॅकओएस', 'उबुंटू', 'डेबियन' ही तिची परिचित नावे होत.

प्रत्येक कार्यप्रणालीची नवी आवृत्ती वेळोवेळी निघते आणि तिची सूचना यंत्राच्या पडद्यावर झळकू लागते. काही जण सूचना दिसताच ती मान्य करतात. पुष्कळ जण ती वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. ह्या दोहोंपैकी एकाही वर्तनास निर्णय म्हणता येत नाही. पहिल्यात निर्माता ठरवितो आणि दुसऱ्यात योगायोग ठरवितो. संशोधकाच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न निव्वळ सोयीचा नाही. अकाली केलेल्या बदलाने साधनसामग्री नष्ट होऊ शकते, अति विलंबाने सारे कामच बंद पडू शकते, आणि भलत्याच वेळी केलेल्या बदलाने संशोधनाचे निष्कर्ष कोणाच्या नकळत पालटू शकतात. ह्या तीन धोक्यांचा विचार करून आवृत्तिबदलाचा योग्य काळ कसा ठरवावा, ह्याचे विवेचन पुढे केले आहे.

१. दुरुस्ती आणि आवृत्तिबदल

ह्या विषयातील बराचसा गोंधळ दोन भिन्न क्रियांना एकच समजल्यामुळे होतो. पहिली क्रिया दुरुस्तीची. कार्यप्रणाली म्हणजे कोट्यवधी ओळींची आज्ञावली असल्यामुळे तीत दोष राहणे अपरिहार्य असते. ते जसजसे उघडकीस येतात, तसतशा त्यांवरील दुरुस्त्या निर्माता प्रसिद्ध करतो. 'मायक्रोसॉफ्ट' ही कंपनी ऑक्टोबर २००३ पासून अशा दुरुस्त्या सामान्यतः दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देत आली आहे. दुरुस्तीने यंत्राचे रूप पालटत नाही. घराचे छप्पर शाकारावे तसाच हा प्रकार होय.

दुसरी क्रिया आवृत्तिबदलाची. तीत घरच नवे बांधले जाते. फाइली त्याच असल्या तरी त्यांचा सांभाळ करणारी व्यवस्था बदलते. काही जुन्या आज्ञावल्या चालेनाशा होतात. काही जुनी उपकरणे ओळखली जात नाहीत. 'ॲपल' कंपनीने ७ ऑक्टोबर २०१९ रोजी 'मॅकओएस कॅटालिना' ही आवृत्ती काढली, तेव्हा ३२-बिट पद्धतीच्या साऱ्या आज्ञावल्या तीवर चालणे बंद झाले. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी निघालेली 'विंडोज ११' ही केवळ ६४-बिट स्वरूपातच उपलब्ध झाली. त्यामुळे १६-बिट काळातील ज्या आज्ञावल्या ३२-बिट 'विंडोज १०' वर कशाबशा चालविता येत होत्या, त्यांची वाट तेथे संपली.

ह्या भेदावरून पहिला नियम निष्पन्न होतो. सुरक्षेच्या दुरुस्त्यांबाबत फारसा विचार करीत बसू नये; त्या काही दिवसांच्या आत यंत्रावर चढवाव्यात. विचार करावयाचा तो आवृत्तिबदलाचा. व्यवहारात मात्र नेमके उलट घडते. आवृत्तिबदलाची भीती बसलेला मनुष्य सर्वच सूचना बंद करून टाकतो, आणि एका गोष्टीचा धोका टाळण्यासाठी दुसरीचे संरक्षण गमावतो.

२. साहाय्याची मुदत

कोणत्याही आवृत्तीस निर्माता अनंत काळ दुरुस्त्या पुरवीत नाही. 'विंडोज एक्सपी' २५ ऑक्टोबर २००१ रोजी निघाली आणि तिचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. 'विंडोज ७' चा काळ २२ ऑक्टोबर २००९ ते १४ जानेवारी २०२० असा होता, तर 'विंडोज १०' चा २९ जुलै २०१५ ते १४ ऑक्टोबर २०२५ असा. 'उबुंटू'च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी निघतात व त्यांस पाच वर्षे प्रमाणित साहाय्य मिळते. 'डेबियन'च्या आवृत्तीस सुमारे तीन वर्षे नियमित व त्यानंतर दोन वर्षे दीर्घकालीन साहाय्य देण्याची प्रथा आहे. 'ॲपल' मात्र अशी तारीख आगाऊ जाहीर करीत नाही. सर्वसाधारणपणे अलीकडील तीन आवृत्त्यांस सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, एवढेच अनुभवावरून सांगता येते.

मुदत संपली म्हणजे यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. ते पूर्वीप्रमाणेच चालते, आणि हीच गोष्ट फसवी ठरते. नव्या व जुन्या आवृत्तीत बराच भाग समान असतो. ह्या समान भागात एखादा दोष सापडला की निर्माता नव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती प्रसिद्ध करतो. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची आज्ञावली ताडून पाहणाऱ्या कुशल मनुष्यास दोष नेमका कोठे होता हे कळून येते, आणि जुन्या आवृत्तीत तो दोष तसाच उघडा राहिलेला असतो. म्हणजे नव्या आवृत्तीवरील प्रत्येक दुरुस्ती ही जुन्या आवृत्तीच्या शत्रूस मिळालेली वाटाड्याची खूण होय. मुदत संपल्यानंतरचा धोका स्थिर न राहता महिन्यागणिक वाढत जातो, ह्याचे कारण हेच.

जाहीर झालेली मुदतदेखील सर्वस्वी अढळ नसते. संशोधनसंस्थांतून पूर्वी बहुत प्रचलित असलेल्या 'सेंटओएस' ह्या लिनक्स कार्यप्रणालीची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये निघाली, आणि तिचे साहाय्य २०२९ पर्यंत चालेल अशी अपेक्षा होती. परंतु ८ डिसेंबर २०२० रोजी ती मुदत ३१ डिसेंबर २०२१ वर आणल्याचे जाहीर झाले. ज्या विभागांनी दहा वर्षांचा हिशेब मांडून आपली गणनयंत्रे तीवर बसविली होती, त्यांच्या हाती जेमतेम एक वर्ष उरले. तात्पर्य, मुदतीची तारीख एकदा टिपून स्वस्थ बसणे पुरेसे नाही. ती वर्षातून दोनदा तरी पडताळून पाहिली पाहिजे.

३. विलंबाचा धोका

विलंबाचे परिणाम काय होतात, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील आहे. १२ मे २०१७ रोजी, शुक्रवारी, 'वॉनाक्राय' नावाची घातक आज्ञावली जगभर पसरली. ती यंत्रातील फाइली गूढलिपीत कुलूपबंद करी आणि त्या सोडविण्यासाठी खंडणी मागे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रांना तिचा उपद्रव झाल्याचा अंदाज त्या वेळी युरोपीय पोलीस यंत्रणेने दिला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेवर तिचा आघात विशेष झाला. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २३६ न्यासांपैकी निदान ८१ न्यासांच्या कामात व्यत्यय आला. रुग्णांच्या ६,९१२ नियोजित भेटी रद्द झाल्याची नोंद प्रत्यक्ष सापडली, आणि एकूण संख्या १९,००० हून अधिक असावी असा अंदाज करण्यात आला.

ह्या घटनेचा उल्लेख बहुधा 'विंडोज एक्सपी' वापरणाऱ्यांना मिळालेला धडा म्हणून केला जातो. वस्तुस्थिती थोडी निराळी व अधिक उद्बोधक आहे. 'एक्सपी'ची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपलेली होती आणि ती २०१५ पर्यंत काढून टाकण्याविषयी संस्थांना २०१४ मध्येच कळविण्यात आले होते, हे खरे. परंतु आरोग्यसेवेतील बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रांवर 'विंडोज ७' होती, म्हणजेच साहाय्याच्या मुदतीत असलेली आवृत्ती. ज्या दोषाचा फायदा घेतला गेला, त्यावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे आघातापूर्वी ५९ दिवस, प्रसिद्ध झाली होती. ती यंत्रांवर चढविलेली नव्हती, एवढेच.

ह्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नवी आवृत्ती घेतल्याने सुरक्षितता आपोआप येत नाही. दुरुस्त्या वेळच्या वेळी न चढविल्यास मुदतीतील आवृत्तीही मुदतबाह्य आवृत्तीइतकीच उघडी राहते. दुसरे असे की, मुदतबाह्य आवृत्तीच्या मालकापाशी तोही उपाय उरत नाही. 'एक्सपी'साठी कंपनीने ह्या आघातानंतर अपवाद म्हणून तातडीची दुरुस्ती दिली. परंतु ती तहान लागल्यावर खणलेली विहीर होती, आणि अशा अपवादावर कोणत्याही विभागाने विसंबून राहू नये.

विलंबाचा आणखी एक परिणाम कमी नाट्यमय असला तरी अधिक सार्वत्रिक आहे. एक आवृत्ती ओलांडून पुढे जाणे सामान्यतः सुकर असते. दोन-तीन आवृत्त्या एकदम ओलांडणे अवघड असते. दरम्यानच्या काळात आज्ञावल्या, उपकरणांचे दुवे आणि फाइलींचे साचे बदललेले असतात व त्या सर्वांचा हिशेब एकाच वेळी चुकता करावा लागतो. पुढे ढकललेला आवृत्तिबदल हा सावकाराच्या कर्जासारखा असतो. मुद्दल तेवढेच दिसते, पण व्याज चढत असते.

४. घाईचा धोका

ह्याच्या उलट टोकास घाई आहे. 'विंडोज १०' चा ऑक्टोबर २०१८ चा मोठा बदल २ ऑक्टोबर रोजी प्रसृत झाला. काही दिवसांतच त्याचे वितरण थांबवावे लागले, कारण तो चढविलेल्या काही यंत्रांवरील लोकांच्या स्वतःच्या फाइली नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्या. दोषाचे स्वरूप साधे होते. ज्यांनी आपले कागदपत्रांचे दालन मूळ जागेवरून दुसरीकडे हलविले होते, त्यांच्या यंत्रावर मूळ जागेचे दालन रिकामे असेल असे गृहीत धरून नव्या आवृत्तीने ते काढून टाकले. काही जणांचे ते रिकामे नव्हते. बाधितांचे प्रमाण अत्यल्प होते असे कंपनीने सांगितले, आणि दुरुस्त केलेला बदल १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा प्रसृत झाला. परंतु ज्या थोड्यांची सामग्री गेली, त्यांना त्या प्रमाणाने काय समाधान मिळणार?

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, नव्या आवृत्तीची खरी परीक्षा ती प्रसिद्ध झाल्यानंतरच सुरू होते. निर्मात्याच्या प्रयोगशाळेत जितक्या प्रकारची यंत्रे असू शकतात, त्यांच्या कित्येक पटींनी अधिक प्रकारची यंत्रे बाहेरच्या जगात असतात. पहिल्या काही आठवड्यांत नवी आवृत्ती घेणारा मनुष्य हा नकळत परीक्षकाचे काम करीत असतो. ते काम कोणी तरी करावयास हवे, परंतु ज्याच्या यंत्रात प्रबंधाची एकमेव प्रत आहे त्याने ते करू नये.

'उबुंटू'च्या चालकांनी ही गोष्ट नियमातच बसविली आहे. दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीवरून पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर जाण्याची सूचना वापरणाऱ्यास आवृत्ती निघताच दिली जात नाही. तिची पहिली सुधारित प्रत निघाल्यानंतर दिली जाते. '२४.०४' ही आवृत्ती २५ एप्रिल २०२४ रोजी निघाली, आणि तिची पहिली सुधारित प्रत २९ ऑगस्ट २०२४ रोजी. म्हणजे सुमारे चार महिने निर्मात्यानेच वापरणाऱ्यास थोपवून धरले. इतर कार्यप्रणालींच्या बाबतीत असा थांबा वापरणाऱ्याने स्वतः घ्यावयाचा असतो, आणि तीन ते सहा महिन्यांचा काळ त्यासाठी बहुधा पुरेसा होतो.

५. काम अर्ध्यावर असताना

वरील दोन धोके सर्वांनाच लागू आहेत. तिसरा धोका विशेषतः संशोधकाचा आहे, आणि त्याची जाणीव फारच थोड्यांना असते. एकाच सामग्रीवर, एकाच आज्ञावलीने केलेली गणना दोन निरनिराळ्या कार्यप्रणालींवर निरनिराळे उत्तर देऊ शकते.

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या ग्रोनेन्शिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली 'प्लॉस वन' ह्या नियतकालिकात ह्या विषयावरील आपले परीक्षण प्रसिद्ध केले. एमआरआय प्रतिमांवरून मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे घनफळ व बाह्य आवरणाची जाडी मोजणारी 'फ्रीसर्फर' नावाची आज्ञावली आहे. त्याच प्रतिमा त्यांनी ह्या आज्ञावलीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून व वेगवेगळ्या यंत्रांवरून काढल्या. आज्ञावलीच्या नव्या व जुन्या आवृत्तींतील फरक घनफळात सरासरी ८.८ टक्के आणि जाडीत २.८ टक्के इतका आढळला. आज्ञावली तीच ठेवून केवळ यंत्राचा प्रकार बदलला किंवा मॅकिंटॉशची कार्यप्रणाली १०.५ वरून १०.६ केली, तरीही ह्याच्या सुमारे निम्म्या प्रमाणात फरक पडला. मेंदूचा ऱ्हास घडविणाऱ्या विकारांच्या अभ्यासात जे फरक महत्त्वाचे म्हणून नोंदविले जातात, त्यांच्याच तोडीचे हे फरक होते. समजा, एखाद्या अभ्यासात निम्म्या व्यक्तींची मापे कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी आणि उरलेल्यांची बदलल्यानंतर काढली, तर आढळलेला फरक रोगाचा की यंत्राचा, हे सांगणे अशक्य होईल. अभ्यास चालू असताना कार्यप्रणाली बदलू नये आणि बदललीच तर सर्व गणना पुन्हा करावी, असा इशारा लेखकांनी दिला.

दुसरे उदाहरण रसायनशास्त्रातील आहे. सेंद्रिय संयुगाच्या एनएमआर मापांची गणना करण्यासाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या काही आज्ञावल्या अनेक संशोधक वापरीत होते. हवाई विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली 'ऑर्गॅनिक लेटर्स' ह्या नियतकालिकात दाखवून दिले की, एकाच सामग्रीवर ह्या आज्ञावल्या 'विंडोज १०' वर व 'मॅकओएस'च्या 'मॅव्हरिक्स' आवृत्तीवर १७३.२ हे उत्तर देतात, 'उबुंटू १६' वर १७२.७ आणि 'मॅकओएस'च्याच 'मोहावी' ह्या नंतरच्या आवृत्तीवर १७२.४. कारण शोधता असे आढळले की, दालनातील फाइली ठरावीक क्रमाने मिळतील असे आज्ञावलीने गृहीत धरले होते. कार्यप्रणाली असा क्रम राखण्याची हमी देत नाही. क्रम बदलला की एका फाइलीतील आकडे दुसऱ्या फाइलीतील आकड्यांशी जोडले जात.

ह्यात कोणतीही कार्यप्रणाली चुकली नव्हती. चूक आज्ञावलीच्या गृहीतकात होती. तथापि जोवर यंत्र एकच होते तोवर ती चूक दिसण्याचा संभवच नव्हता. म्हणून आवृत्तिबदलाकडे एका दृष्टीने परीक्षेची संधी म्हणूनही पाहता येते. जुनी गणना नव्या आवृत्तीवर पुन्हा करून उत्तर तेच आले, तर निष्कर्षास बळ मिळते. निराळे आले, तर एक लपलेला दोष प्रसिद्धीपूर्वीच हाती लागतो. मात्र ही परीक्षा हेतुपुरस्सर केलेली असावी. काम अर्ध्यावर असताना नकळत घडलेली नसावी.

६. देवनागरी मजकुराचा विशेष प्रश्न

मराठीतून लेखन करणाऱ्या विभागांपुढे आणखी एक अडचण उभी राहते. देवनागरीस स्थान देणारी 'युनिकोड' ही जागतिक संकेतपद्धती १९९१ पासून अस्तित्वात असली, तरी 'विंडोज'मध्ये देवनागरीची सोय 'विंडोज २०००' पासून झाली, आणि छपाईच्या व्यवहारात ती रुळण्यास त्यानंतरही पुष्कळ वर्षे लागली. तोवर मराठी मजकूर 'श्री-लिपी', 'आकृती', 'आयएसएम' अशा साधनांनी टंकित होत असे. त्यांच्या जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरी अक्षरांचे आकार बसविलेले असत. अशी फाइल त्या विशिष्ट फाँटाशिवाय उघडली, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. असंख्य प्रबंध, शब्दसूची आणि संपादित हस्तलिखिते ह्याच रूपात, बहुधा 'पेजमेकर'च्या फाइलींत पडून आहेत.

ही साधने पुष्कळदा यंत्रास जोडलेल्या डोंगल नावाच्या छोट्या उपकरणाशिवाय चालत नसत. ६४-बिट कार्यप्रणालीस त्या उपकरणाचा ६४-बिट दुवा लागतो, आणि जुन्या डोंगलासाठी तो मिळेलच असे नाही. त्यामुळे आवृत्तिबदलानंतर फाइली सुरक्षित आहेत, परंतु त्या वाचणारे कोणी उरले नाही, अशी अवस्था ओढवते. काही ठिकाणी एवढ्याच कारणास्तव एखादे 'एक्सपी'चे यंत्र कोपऱ्यात जपून ठेवलेले आढळते.

येथे योग्य क्रम असा की, मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर आधी करावे आणि आवृत्तिबदल नंतर. रूपांतर यांत्रिक असले तरी निर्दोष नसते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविली जाई, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठविली जाते. रफाराचे स्थानही बदलते. 'वाऱ्या'मधील ऱ्या आणि 'सूर्या'मधील र्या ह्यांची गल्लत होते. म्हणून जुने साधन चालू आहे तोवरच प्रत्येक ग्रंथाची एक छापील वा पीडीएफ प्रत काढून ठेवावी आणि रूपांतरित मजकूर तिच्याशी ताडून पाहावा. पाठचिकित्सेत ज्याप्रमाणे मूळ पोथी हाती असताना पाठभेद नोंदवितात, त्याचप्रमाणे हे काम जुने यंत्र जिवंत असतानाच होऊ शकते.

७. निर्णयाची रीत

वरील विवेचनावरून आवृत्तिबदलाच्या काळास दोन सीमा असल्याचे दिसून येते. पहिली सीमा नवी आवृत्ती स्थिरावण्याची: तिची पहिली सुधारित प्रत निघालेली असावी, आणि आपल्या कामास अपरिहार्य असलेल्या प्रत्येक आज्ञावलीच्या निर्मात्याने ती नव्या आवृत्तीवर चालत असल्याचे जाहीर केलेले असावे. दुसरी सीमा जुन्या आवृत्तीच्या साहाय्याची मुदत संपण्याची. तीतून चाचणीसाठी लागणारे सहा ते आठ आठवडे वजा करावेत. ह्या दोन सीमांमधील काळ बहुधा काही वर्षांचा असतो. त्यात नेमका दिवस कोणता निवडावयाचा, हे नव्या आवृत्तीच्या गुणांवरून ठरवू नये. ते संशोधनकार्याच्या सांध्यावरून ठरवावे. एक अभ्यास पुरा होऊन दुसरा सुरू व्हावयाचा आहे, प्रबंध सादर झाला आहे, उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे, असे हे सांधे होत. प्रत्यक्षात पुष्कळदा मार्चअखेर अनुदान खर्ची टाकण्याच्या गडबडीत नवी यंत्रे येतात आणि त्यांच्याबरोबर नवी कार्यप्रणाली येते. खरेदीचा काळ आणि कामावर आणण्याचा काळ एकच असला पाहिजे असे नाही.

उदाहरणार्थ, समजा, एखाद्या यंत्रावरील आवृत्तीची मुदत ऑक्टोबरच्या मध्यावर संपते आहे. म्हणजे बदलाचे काम ऑगस्टअखेर हाती घ्यावयास हवे. त्या यंत्रावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध जुलैत सादर होणार असेल, तर प्रश्नच उरत नाही. बदल ऑगस्टमध्ये करावा. प्रबंध डिसेंबरात सादर व्हावयाचा असेल, तर शेवटची गणना सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे आधीच्या उन्हाळ्यात, बदल करून सर्व गणना नव्या आवृत्तीवर कराव्यात. तेही शक्य नसल्यास वाढीव साहाय्य घ्यावे. 'विंडोज १०' च्या बाबतीत कंपनीने घरगुती वापरासाठी असे वाढीव साहाय्य १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तर संस्थांसाठी मोबदला घेऊन जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत देऊ केले.

प्रत्यक्ष बदल करताना पुढील क्रम पाळावा. प्रथम, सर्व सामग्रीच्या दोन राखीव प्रती काढाव्यात, त्यांपैकी एक यंत्रापासून व नेटवर्कपासून अलग ठेवावी, आणि तीतून एखादी फाइल खरोखर परत मिळते की नाही हे करून पाहावे. न तपासलेली राखीव प्रत ही प्रत नव्हे, केवळ समजूत होय. त्यानंतर बदल एकाच यंत्रावर करावा, पूर्वी उत्तर माहीत असलेली गणना तेथे पुन्हा करावी आणि उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत ताडून पाहावे. परतीची वाट किती काळ खुली राहते, हेही आधी पाहून ठेवावे. 'विंडोज ११' मध्ये जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय सामान्यतः दहाच दिवस असते. हे सर्व समाधानकारक झाल्यावरच उरलेल्या यंत्रांकडे वळावे.

काही यंत्रांवर बदल करणेच शक्य नसते. लाखो रुपयांच्या उपकरणाचे नियंत्रण करणारी आज्ञावली एकाच जुन्या आवृत्तीवर चालते, किंवा यंत्र नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाही. 'विंडोज ११' साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचकती व ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर आवश्यक केल्यामुळे चांगल्या स्थितीतील पुष्कळ यंत्रे अशी वगळली गेली. वगळलेल्या साध्या यंत्रावर लिनक्सची एखादी आवृत्ती बसविता येते. उपकरणाचे यंत्र मात्र आहे तसेच ठेवावे, पण नेटवर्कपासून तोडावे, आणि त्यावरील मापे मधल्या एका तपासणीच्या यंत्रामार्फतच बाहेर न्यावीत. जुनी आज्ञावली उपकरणाशी निगडित नसेल, तर तिला नव्या संगणकातील आभासी यंत्रात जुन्या कार्यप्रणालीसह बंदिस्त करून ठेवता येते. काही वर्षांनी एखाद्या परीक्षकाने जुनी गणना पुन्हा करून दाखविण्यास सांगितल्यास अशी सोय फार उपयोगी पडते.

८. समारोप

प्रत्येक विभागाने आपल्या यंत्रांची एक नोंदवही ठेवावी. तीत यंत्र, त्यावरील कार्यप्रणालीची आवृत्ती, तिच्या साहाय्याची अखेरची तारीख, त्यावर अवलंबून असलेली आज्ञावली वा उपकरण, चालू असलेला अभ्यास आणि बदलाचा ठरविलेला महिना असे सहा रकाने असावेत. ज्या अभ्यासात गणना केली, त्याच्या निबंधात कार्यप्रणालीची आवृत्तीही नमूद करावी. ह्यास वर्षातून एक-दोन दिवसांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. जुने ते सोने मानणारा आणि नव्याच्या मागे धावणारा ह्या दोघांचाही निर्णय यंत्राकडे पाहून होतो. संशोधकाने तो आपल्या कामाकडे पाहून करावा, आणि त्यासाठी शेवटच्या रकान्यातील महिना पडद्यावर सूचना झळकण्यापूर्वीच लिहिलेला असावा.